“सेल्फ जळाला” म्हणणाऱ्या मिस्त्रीपासून सावध राहा – बोटवाल्यांसाठी

नर्मदेच्या फुगवट्यात बोट चालवणाऱ्या, तसंच उकाई नाहीतर हतनूर धरणाच्या पाण्यात मासेमारी करणाऱ्या सगळ्या भावांनी हे वाचावं. एका मिस्त्रीने आमच्याकडून अठरा हजार रुपये घेतले आणि आमचाच सेल्फ, म्हणजे इंजिन फिरवून सुरू करणारी मोटर, काळा रंग मारून आम्हाला नवा म्हणून विकला.

बोट धडगाव तालुक्यातली, मी आणि माझा मावसभाऊ मिळून चालवतो. सरदार सरोवर पूर्ण पातळीला, म्हणजे १३८.६८ मीटरला, भरलं की नदीकाठच्या कित्येक पाड्यांना बोटीशिवाय वाट उरत नाही. बाजाराला जाणारी माणसं, आजारी माणूस, मासळीचे कॅरेट, शेळ्या, पलीकडे मध्य प्रदेशातले सोयरे, सगळं बोटीतून. बोटीत जुन्या जीपचं डिझेल इंजिन बसवलंय, सेल्फ स्टार्ट, बारा व्होल्टचं.

बिघाड होळीच्या आधी झाला, भोंगऱ्याचे म्हणजे आदिवासींचे होळीआधीचे बाजार तोंडावर असताना. वर्षभरात बोटवाल्याची खरी कमाई याच दिवसांत होते आणि ते मिस्त्रीलाही ठाऊक असतं. चावी फिरवली की ‘टक’ असा एकच आवाज यायचा, पुढे काही नाही. लाइट मात्र फुल लागत होता, हॉर्नही जोरात.

मिस्त्री आला. सेल्फवरच्या दोन जाड नटांवर त्याने आडवा स्क्रू ड्रायव्हर टेकवला, ठिणगी उडाली, मोटर फिरली नाही. “दादा, सेल्फ जळी गया. नवाच टाकना पडी.” बॅटरीही बदला म्हणाला. ती का बदलायची विचारलं, तर सेल्फ जळताना बॅटरीलाही झटका बसतो म्हणाला. डायनमोही चार्जिंग देत नसेल, हातासरशी तोही बघून घेऊ, असं ठरलं. तिन्ही वस्तू गोणीत घालून मोटरसायकलवर घेऊन गेला. व्होल्ट मोजायचा मीटर त्याने एकदाही बाहेर काढला नाही.

परत आला तेव्हा सेल्फ चकाचक काळा, डायनमोला चंदेरी रंग, बॅटरीवर कोरं स्टिकर. सेल्फचे ८,५००, बॅटरीचे ६,५००, डायनमोचे २,५००, मजुरी १,५००, त्यातून जुन्या बॅटरीचे १,००० वजा. हिशोब वहीच्या फाटक्या पानावर, दुकानाचं नाव नाही, जीएसटी नंबर नाही. बसवता बसवता बॅटरीपासून इंजिनाला जाणारी अर्थिंगची वायरही त्याने बदलली. “वायरचे राहू द्या दादा, ती माझ्याकडून.” चावी मारली, पहिल्या झटक्यात इंजिन सुरू. आम्ही खूश.

अख्ख्या बोटीत बिघडलं होतं ते फक्त तेवढंच, ती अर्थिंगची वायर. फुकट दिली तीच वस्तू खरी, बाकी सगळं नाटक.

हे उघडं पडलं माझ्या साडूंमुळे. ते धुळ्याला एस.टी.च्या वर्कशॉपमध्ये इलेक्ट्रिशियन होते. पाहुणे म्हणून आले, तेव्हा ‘नवी’ बॅटरी रोज सकाळी मान टाकत होती. त्यांनी इंजिन चालू करून मीटर लावला, १४.२ व्होल्ट. म्हणजे डायनमो ठणठणीत. संध्याकाळी इंजिन बंद केल्यावर बॅटरी १२.६ दाखवत होती, रात्रभर दोन्ही वायरी सोडवून ठेवली तरी सकाळी ११.९. चांगली बॅटरी अशी रिकामी बसल्या बसल्या उतरत नाही. स्टिकर नखाने सोललं तर खाली दुसऱ्याच कंपनीचं नाव निघालं, आणि तारखेचा कोड असतो तिथलं प्लास्टिक घासून गुळगुळीत केलेलं.

मग त्यांनी सेल्फ खोलून फळीवर ठेवला आणि डिझेलचं फडकं घेऊन पुसायला लागले. रंग खालच्या कडेला बोटाने निघत होता. दोन बोल्टांच्या मधे तीन बारीक खड्डे दिसले. ते पंचाने आमच्याच मावसभावाने मारलेले, कारण एकदा शेजारच्या बोटीच्या सेल्फशी आमचा सेल्फ बदलला होता, तेव्हापासून आम्ही खूण करून ठेवतो. बोल्टांच्या खाचांतही रंग भरलेला, म्हणजे सेल्फ उघडलासुद्धा नव्हता. मावसभाऊ त्या तीन खड्ड्यांवरून अंगठा फिरवत राहिला आणि मग मिस्त्रीच्या सात पिढ्या काढल्या.

जुनी वायर बोटीतच फळीखाली पडली होती. साडूंनी तीच परत जोडली. मीटरची एक सुई बॅटरीच्या मायनसवर, दुसरी इंजिनाच्या उघड्या लोखंडावर, आणि मला चावी मारायला सांगितलं. टक. मीटर चार व्होल्टच्या वर. हा आकडा अर्ध्या व्होल्टच्या आतच असायला हवा, जास्त दिसला तर तेवढा दाब वायरीतच मरतोय. रबर चिरलं तर आतली तांब्याची तार हिरवी, हाताने चुरा होत होती. वायरीचं टोक बोटीच्या तळाशी, पाणी साचतं तिथेच बोल्टला होतं.

त्यांनी सांगितलं ते असं. सेल्फवरच्या सोलेनाइडला, म्हणजे मोटरला करंट जोडून देणाऱ्या स्विचला, थोडाच करंट लागतो, म्हणून तो खराब वायरीतूनही ओढला जातो आणि ‘टक’ वाजतो. मोटरला मात्र शंभर-दीडशे अँपिअर किंवा त्याहून जास्त लागतात, ते कुजलेल्या तारेतून येणार कुठून? आमच्या लाइट-हॉर्नची अर्थिंग बॅटरीवरून वेगळी आहे, म्हणून ते फुल. स्क्रू ड्रायव्हरची ठिणगी बघून तर काहीच ठरत नाही, कारण त्या करंटलाही परत जायला तीच अर्थिंग लागते. सेल्फ नवाकोरा असता तरी फिरला नसता.

मीटर नसला तरी चालतं. जंप केबलचं (दोन्ही टोकांना चिमटे असलेली जाड वायर) एक टोक आधी इंजिनाच्या साफ लोखंडावर, दुसरं थेट बॅटरीच्या मायनसला लावायचं, गिअर न्यूट्रलला ठेवायचा आणि चावी मारायची. इंजिन फिरलं तर वायर बदला आणि मिस्त्रीला चहा पाजून वाटेला लावा. नाहीच फिरलं, तर सेल्फ खोलून तिथेच, तुमच्या डोळ्यांसमोर, पायाखाली दाबून धरून चांगल्या बॅटरीवर फिरवून दाखवायला सांगा. ‘टक टक टक टक’ असं भराभर वाजत असेल तर मात्र बहुतेक वेळा बॅटरीच उतरलेली असते किंवा तिचे टर्मिनल सैल असतात.

पेट्रोलच्या आउटबोर्ड मशीनवाल्यांना दुसऱ्या तऱ्हेने टोपी घालतात. ओळखीतल्या एकाचं मशीन फिरायचं पण चालू व्हायचं नाही, त्याच्या गळ्यात मिस्त्रीने नवा सीडीआय (स्पार्क देणारा इलेक्ट्रॉनिक डबा) मारला. मूळ कारण काय, तर किल स्विचची, म्हणजे मशीन झटकन बंद करायच्या स्विचची, लाल दोरी निसटली होती. ती बसलेली नसेल तर स्पार्कच मिळत नाही. बघायला पाच सेकंद लागतात. आणि हो, पेट्रोलच्या टाकीजवळ ठिणग्या उडवत तपासणाऱ्याला बोटीत चढूच देऊ नका.

वस्तू नजरेआड जाणारच असेल तर आधी पंचाने खूण करा, फोटो काढा, बॅटरीवरचा नंबर लिहून घ्या. बदललेला जुना भाग परत मागा, भंगाराला का होईना. जुन्या बॅटरीतल्या शिशाला भाव असतो. आमची चांगली बॅटरी गेली ती याच वाटेने, हजार रुपयांत.

मिस्त्रीला फोन केला, तर म्हणे “माल दुकानदाराने दिला, मला काय माहीत”, आणि नंतर फोन उचलणंच बंद. मग १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार टाकली. यूपीआयने दिलेले पैसे, वहीचं पान, तीन खड्ड्यांचे फोटो, सगळं जोडलं. बोट धंद्याची असली तरी स्वतः राबून पोट भरणारा माणूस २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात ग्राहकच धरला जातो, हे लक्षात ठेवा. बिल न देणं हीसुद्धा त्याच कायद्याने अनुचित प्रथा आहे. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, फक्त दोन वर्षांच्या आत जावं लागतं.

तक्रारीचं कळल्यावर त्याने एका माणसाकरवी निरोप धाडला, तक्रार मागे घ्या, खराखुरा नवा सेल्फ आणून देतो. मी म्हटलं, आण, पण पक्क्या बिलासकट. त्यानंतर निरोप नाही.