डिस्नेलँड, ॲनाहाइम : ४१२ दिवसांनंतरची भेट

कोरोनाच्या साथीमुळे १४ मार्च २०२० रोजी बंद झालेले कॅलिफोर्नियातील डिस्नेलँड ३० एप्रिल २०२१ रोजी, म्हणजे ४१२ दिवसांनी उघडले, आणि पुढच्याच आठवड्यात आम्ही चौघे तेथे जाऊन आलो. सासऱ्यांचे दोन्ही डोस झाले होते, पण नऊ वर्षांच्या मुलीला लस उपलब्धच नव्हती. त्यात त्याच दिवसांत पुण्याहून येणारे फोन ऑक्सिजनची खाट शोधणाऱ्या नातलगांचे होते, त्यामुळे जावे की नाही यावर घरात बराच खल झाला.

अखेर गेलो ते उद्यान कोणत्या आधारावर उघडले हे पाहून. राज्याने केवळ तारीख नव्हे, निकषही ठरवला होता: काउंटीतील (जिल्ह्यातील) संसर्ग जास्त, म्हणजे लाल टप्प्यात असेल तर क्षमतेच्या १५ टक्के, त्याहून कमी म्हणजे नारिंगीत २५ आणि सर्वांत कमी म्हणजे पिवळ्यात ३५ टक्के लोकांनाच प्रवेश, आणि सुरुवातीला तोही फक्त राज्यातील रहिवाशांना. डिस्नेलँड ज्या काउंटीत आहे ती ऑरेंज काउंटी तेव्हा नारिंगी टप्प्यात होती. डिस्नेचेच फ्लोरिडातील मॅजिक किंगडम उद्यान ११ जुलै २०२० रोजी उघडले आणि दुसऱ्याच दिवशी त्या राज्यात १५,००० हून अधिक नवे रुग्ण नोंदले गेले. एका दिवसात उद्यानामुळे रुग्ण वाढत नाहीत हे उघड आहे, तरी साथ चढणीवर असताना दारे उघडणे मला तेव्हाही पटले नव्हते. डिस्नेचे हाँगकाँगचे उद्यान जूनमध्ये उघडून जुलैत पुन्हा बंद केले गेले. ती माघार मला जबाबदारीची वाटते.

प्रवेशद्वारी ताप तपासला गेला, पण लक्षणे नसलेला रुग्ण त्यातून सहज सुटतो, म्हणून माझी भिस्त होती ती विरळ गर्दीवर आणि मास्कवर. इट्स अ स्मॉल वर्ल्ड या होडीतल्या सफरीची रांग जमिनीवरच्या खुणांवर अंतर राखून दूरपर्यंत उन्हात गेली होती. मुलीने चालता चालता मास्क खाली ओढून चुरो (तळलेला गोड पदार्थ) तोंडात घातला, तेव्हा कर्मचाऱ्याने शांतपणे तिला बाजूला थांबून खायला सांगितले. मिरवणूक नव्हती, आतषबाजी नव्हती. मिकी दुरून हात हलवत होता आणि मुलगी त्याच्याकडे धावली नाही, जागेवरूनच हात हलवत राहिली.

उद्याने बंद राहण्याची झळ कामगारांना बसली. सप्टेंबर २०२० मध्ये डिस्नेने अमेरिकेतील २८,००० जणांना कमी करण्याचे जाहीर केले होते. उद्याने बंद ठेवण्याचा निर्णय योग्यच होता, पण त्या काळात या लोकांच्या पगाराची सोय करणे हाही त्याच निर्णयाचा भाग असायला हवा होता.