60 वॅटचा एलईडी दिवा आणि बटर पेपर: दागिन्यांच्या फोटोंसाठी पावसाळ्यापासून वापरल्यावर

मोती, सोनं, स्टील अशा चकचकीत वस्तूंचे जवळून फोटो काढायचे असतील तर घडीच्या लाइटबॉक्सवर, म्हणजे आतून पांढऱ्या आणि छताला एलईडी पट्ट्या असलेल्या पेटीवर, पैसे घालू नका. एक बऱ्यापैकी एलईडी दिवा, बटर पेपर आणि काळा कार्डपेपर एवढ्या सामानात त्याहून कितीतरी चांगलं काम होतं. माझी वहिनी नथी, बुगड्या, तन्मणी करून विकते आणि फोटोंचं खातं माझ्याकडे आहे. गिरगावातल्या आमच्या चाळीच्या खोलीत एका टेबलावर सगळं चालतं.

लाइटबॉक्स आमच्याकडे आहे, आणि कापडी बाहुली, लाकडी करंडा, मातीची पणती यांचे फोटो त्यात झकास येतात. या वस्तूंवर पडलेला प्रकाश सगळीकडे पसरतो. चकचकीत वस्तूचं तसं नाही. तिच्या फोटोत दिसतं ते बहुतेक आजूबाजूचं प्रतिबिंबच. बॉक्सच्या आत चहूबाजूंनी पांढरं, त्यामुळे बुगडीचं सोनं पिवळ्या कागदाच्या कपट्यासारखं सपाट दिसतं. नथीत तर प्रत्येक मोत्यात छताच्या दोन एलईडी पट्ट्या ठिपक्यांच्या दोन रांगा होऊन उमटतात. फोटो मोठा करून पाहिला की मोत्याआधी त्या रांगाच डोळ्यांत भरतात.

दिवा सीओबी प्रकारचा (बारीक एलईडी एकाच चकतीत दाटीने बसवलेला), 5600 केल्विनचा, म्हणजे दिवसाच्या उजेडासारखा पांढरा, बोरा बाजारातून साडेपाच हजारांच्या आसपास मिळाला. बटर पेपर अब्दुल रहमान स्ट्रीटवरचा. लाकडी चौकटीवर तो ताणून बसवायचा आणि चौकट दागिन्याच्या जितकी जवळ नेता येईल तितकी न्यायची, फक्त फोटोत यायला नको. छोट्या वस्तूला प्रकाश मऊ मिळतो तो दिव्याच्या वॅटने नव्हे, वस्तूच्या मानाने उजळलेला कागद किती मोठा आहे त्याने.

खरी गंमत दिवा आणि कागद यांच्यातल्या अंतरात आहे. दिवा कागदाजवळ आणला की कागदावर मध्ये लख्ख आणि कडेकडे विरत जाणारा गोल तयार होतो. मागे नेला की कागद सगळीकडे सारखा उजळतो. ठुशीच्या मण्यांसाठी मी दिवा मागे ठेवते. मोत्यांसाठी जवळ, कारण उजेडाकडून सावलीकडे जाणारा तो हळुवार उतार मोत्यावर दिसला तरच मोती गोल वाटतो आणि त्याचं पाणी दिसतं. दिवा दोन बोटं पुढेमागे केला तरी फरक पडतो, आणि तो फोटो काढायच्या आधी डोळ्यांना दिसतो. फ्लॅशमध्ये हे सुख नाही.

काळ्या कार्डपेपरच्या पट्ट्या वस्तूच्या दोन्ही बाजूंना, फोटोच्या चौकटीबाहेर उभ्या करून बघा. सोन्याच्या कडेला बारीक गडद रेघ येते आणि पांढऱ्या पार्श्वभूमीवर नथीचा आकडा लगेच सुटा उठून दिसतो. पोलरायझर, म्हणजे लेन्सवर लावायचा चमक कापणारा फिल्टर, घ्या असं बरेच जण सुचवतात. काचेवरची किंवा मीनाकामावरची चमक त्याने कमी होते. धातूवरची जात नाही.

दिवा घेताना एक गोष्ट आवर्जून विचारा. खोक्यावर सीआरआय 95 असं लिहिलेलं असतं, म्हणजे दिव्याखाली रंग किती खरे दिसतात त्याचे 100 पैकी गुण, पण तो आकडा पहिल्या 8 नमुना रंगांची सरासरी असतो. गडद लाल, म्हणजे आर9, त्यात धरतच नाहीत. नथीतला लाल खडा मेलेला, विटकरी दिसतो तो आर9 कमी असल्यामुळे. बाकी रंग ठीक आणि तेवढा एकच बिघडलेला, म्हणून व्हाइट बॅलन्स (सगळ्या फोटोचा रंग एकदम निळसर-पिवळसर करणारी कॅमेऱ्यातली सोय) कितीही फिरवला तरी तो सुधारत नाही. आर9 चा आकडा जिथे दिलेला नाही तो दिवा मी घेणार नाही. फोटोत एक रंग आणि डबीत दुसरा, हे गिऱ्हाइकाशी धड वागणं नव्हे. खोलीतली ट्यूब बंद आणि खिडकीला जाड पडदा, हेही त्याचसाठी.

आता खटकलेल्या गोष्टी. डिमर, म्हणजे प्रकाश कमी-जास्त करायचं बटण, अगदी खाली नेला की वहिनीच्या मोबाइलच्या व्हिडिओत आडवे पट्टे सरकतात. म्हणून प्रकाश कमी हवा असेल तेव्हा मी डिमर वरच ठेवते आणि बटर पेपरचा आणखी एक थर लावते. साध्या घरगुती बल्बवर काम करणाऱ्यांना पट्टे दिसत असतील तर शटर 1/50 किंवा 1/100 सेकंदावर ठेवून पाहा. आपली वीज 50 हर्ट्झची, स्वस्त बल्ब सेकंदाला 100 वेळा लुकलुकतो.

पावसाळ्यात बटर पेपर दमट हवेने सैल पडतो, त्याला लाटा येतात आणि त्या लाटा थेट सोन्यात दिसतात. जुलैत वैतागून दुधी ॲक्रिलिकची शीट आणली. ती ताठ राहते, पण तिच्यातून येणाऱ्या उजेडाचा रंग किंचित बदलतो, तेव्हा रंग जुळवायला लागतो तो ग्रे कार्डचा (ठरावीक राखाडी रंगाच्या कार्डाचा) फोटो शीट लावल्यावरच घ्यावा.

सगळ्यात मोठी अडचण प्रकाश पुरण्याची. वस्तू सेन्सरवर, म्हणजे कॅमेऱ्यातल्या चित्र टिपणाऱ्या चिपवर, तिच्या खऱ्या आकाराएवढी उमटते तेव्हा दोन स्टॉप प्रकाश कमी होतो, म्हणजे पाव हिस्साच उरतो, आणि फुल फ्रेम (मोठ्या सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर एफ/8 ला जेमतेम एक मिलिमीटर खोलीची जागा स्पष्ट येते. एफचा आकडा लेन्सच्या छिद्राचा: तो वाढवला की छिद्र लहान होतं, जास्त जागा स्पष्ट येते, पण प्रकाश घटतो. त्यामुळे एफ/11 लावावं लागतं आणि शटर पाव सेकंदाच्या घरात जातं. सिमेंटच्या इमारतीत ट्रायपॉड आणि टायमर यांच्यावर निभावेल. आमची जमीन लाकडी तक्तपोशीची. गॅलरीतून कुणी चाललं की टेबल थरथरतं आणि मोत्याच्या कडा दुहेरी येतात. पंखा बंद करून, दुपारी चाळ झोपली की मी काम उरकते.

अशाच जुन्या इमारतीत राहत असाल तर जोडीला एक साधा फ्लॅश घ्या. त्याचा लखलखाट सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या आसपास किंवा त्याहूनही कमी वेळ टिकतो, तेवढ्यात टेबल हललेलं कळत नाही. मीही सेकंडहँड फ्लॅश शोधते आहे. मांडणी एलईडीवर जुळवायची आणि मग त्याच जागी फ्लॅश ठेवून फोटो घ्यायचा, असा बेत आहे.