मिरीचं तेल: दोन बाटल्या मागवल्या, त्यातली एकच ठेवली

पक्षाघाताच्या झटक्यानंतर बाबांना पाणी पिताना ठसका लागायला लागला. गिळण्याचे व्यायाम शिकवायला येणाऱ्या ताईंनी एकदा बोलता बोलता जपानमधल्या एका अभ्यासाचा विषय काढला. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात पक्षाघात झालेल्या १०५ वृद्धांचे तीन गट केले होते. एका गटाला मिरीच्या तेलाचा, दुसऱ्याला लॅव्हेंडरच्या तेलाचा वास महिनाभर जेवणाआधी मिनिटभर दिला, तिसऱ्याला नुसत्या पाण्याचा. मिरीच्या गटात गिळण्याची प्रतिक्षिप्त क्रिया लवकर सुरू व्हायला लागली. मूळ लेख मी स्वतः शोधून वाचला, बाबांच्या डॉक्टरांना दाखवला आणि त्यांनी हो म्हटल्यावर दोन वेगवेगळ्या ठिकाणांहून एकेक बाटली मागवली. दोन्हींबद्दल लिहिते आहे, कारण पहिल्या बाटलीवरचा मजकूर वाचून मला खरंच भीती वाटली.

माझी नोकरी प्रयोगशाळेत, गॅस क्रोमॅटोग्राफीच्या यंत्रावर आहे. मिश्रणातले घटक वेगळे करून कोणता किती आहे ते हे यंत्र आलेखात दाखवतं. तेलांचे नमुने रोज हाताखालून जातात. पहिल्या बाटलीवर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, ‘शुद्ध वाफेवर काढलेले, पायपरीनने समृद्ध’. ही दोन विधानं एकाच बाटलीवर खरी असूच शकत नाहीत.

मिरी तिखट लागते ती पायपरीनमुळे. अर्स्टेड या डॅनिश शास्त्रज्ञाने १८१९ साली ते मिरीतून वेगळं काढलं. वाळलेल्या दाण्यात ते साधारण पाच ते नऊ टक्के असतं. पण ते वाफेबरोबर उडत नाही. भरडलेल्या मिरीतून वाफ सोडली की तेल आणि पाणी एकमेकांत न मिसळता आपापला बाष्पदाब देतात, दोन्हींची बेरीज हवेच्या दाबाइतकी झाली की मिश्रण उकळतं. म्हणून एरवी १६० ते २६० अंशांवर उकळणारी सुगंधी द्रव्यं शंभराच्या आतच वर येतात. पायपरीनचा बाष्पदाब जवळजवळ शून्य, त्यामुळे ते खाली चोथ्यात राहतं. शंभर किलो मिरीतून दोन-अडीच किलो तेल निघतं, त्यात मिरीचा सगळा वास असतो आणि तिखटपणा जवळपास नसतो. पायपरीन हवं असेल तर द्रावकाने काढलेलं ओलिओरेझिन घ्यावं लागतं. ते दाट, गडद असतं आणि ती वस्तूच वेगळी.

तरी खात्री करायची म्हणून काचेच्या बशीत दहा थेंब टाकून दोन दिवस उघडे ठेवले. पायपरीन असतं तर फिकट पिवळे स्फटिक मागे राहिले असते. राहिला तो एक चिकट, पातळ थर, तोही हळूहळू विरला.

मग नमुना यंत्रावर लावला. चांगल्या मिरीच्या तेलाचा आलेख ओळखीचा असतो. सुरुवातीला अल्फा-पायनीन, मागोमाग सॅबिनीन, बीटा-पायनीन, थ्री-कॅरीन, लिमोनीन ही मंडळी दाटीवाटीने येतात. मग बराच वेळ रेषा जवळजवळ सपाट जाते आणि पुढे बीटा-कॅरिओफायलीनचं ठसठशीत शिखर उभं राहतं. मिरीच्या जातीप्रमाणे आणि पिकाप्रमाणे त्याचं प्रमाण बदलतं, पण दहा ते तीस टक्क्यांच्या दरम्यान ते सहसा सापडतं. पहिल्या बाटलीत ते तीन टक्केसुद्धा नव्हतं. पायनीन आणि लिमोनीन मात्र आभाळाला भिडलेले. हे दोन्ही टर्पेंटाइन आणि संत्र्याच्या सालीतून मुबलक मिळतात. ती मिसळून तेल वाढवलं असावं हा माझा अंदाज आहे. एका चाचणीवरून शपथेवर सांगणार नाही, पण ती बाटली पुन्हा घेणार नाही हे नक्की.

भेसळीपेक्षा गंभीर गोष्ट पुढे आहे. त्याच बाटलीवर वापराच्या सूचनेत ‘घशाच्या तक्रारींसाठी जिभेवर दोन थेंब’ असं छापलं होतं. कृपा करून असं कोणी करू नका. हे तेल पाण्यासारखं पातळ असतं. ज्याला नीट गिळता येत नाही त्याच्या तोंडात ते गेलं की श्वासनलिकेत उतरायला वेळ लागत नाही आणि फुफ्फुसाला रासायनिक दाह होतो. घशाची तक्रार असलेलाच माणूस ही सूचना वाचून थेंब तोंडात टाकणार. विक्रेत्याला मी दोनदा लिहिलं, उत्तर आलं नाही.

बाटलीला ड्रॉपर होता, त्याचं रबर पंधरा दिवसांत फुगून पिचपिचीत झालं. टर्पीन, म्हणजे पायनीन-लिमोनीनसारखी द्रव्यं, रबर फुगवतात, थर्माकोल तर विरघळवतात. एक थेंब थर्माकोलवर टाकून बघा, डोळ्यांदेखत खड्डा पडतो. म्हणून ड्रॉपर लावून दिलेलं इसेन्शियल ऑइल दिसलं की मी ते घेतच नाही.

दुसरी बाटली गडद तपकिरी काचेची, तोंडाला थेंब पाडणारं पक्कं बूच. लेबलवर पायपर नायग्रम हे शास्त्रीय नाव, वाळलेल्या दाण्यांपासून काढल्याची नोंद, बॅच क्रमांक, तेल काढल्याचा महिना. बॅच क्रमांक कळवला की त्याच बॅचचा अहवाल पाठवतात. त्यात कॅरिओफायलीन २४ टक्के लिहिलं होतं, माझ्या यंत्रावर २३ च्या वर आलं. इतका मेळ बसला तेव्हा बरं वाटलं.

वासाबद्दल सविस्तर लिहिते, कारण या तेलात तीच खरी चीज आहे. कागदाच्या पट्टीवर थेंब टाकल्यावर पहिली पाच-दहा मिनिटं देवदाराच्या सुया आणि लिंबाच्या सालीसारखा ताजा, किंचित थंड वास येतो. ते पायनीन आणि लिमोनीन. अर्ध्या तासाने तो ओसरतो आणि कोरड्या लाकडासारखा, लवंगेच्या जवळ जाणारा उबदार वास पुढे येतो. कॅरिओफायलीन लवंगेतही असतं, त्यामुळे ही आठवण बरोबरच आहे. दुसऱ्या दिवशी सकाळीही पट्टीला मंद वास होता. नुकत्याच कुटलेल्या मिरीचा जो नेमका झणका असतो त्यात रोटंडोन नावाच्या रेणूचा मोठा वाटा आहे. २००८ साली ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी वाइनमधल्या मिरीच्या वासाचा माग काढताना तो ओळखला. एक लिटर पाण्यात ८ नॅनोग्रॅम असला तरी नाकाला कळतो, आणि तरीही पाचातल्या एका माणसाला तो अजिबात जाणवत नाही. माझ्या सहकारिणीला हे तेल ‘नुसतं टर्पेंटाइन’ वाटलं, ते यामुळेच असेल का, असं मनात येऊन गेलं.

उपयोगांबद्दल दावे भरपूर आहेत. २००८ सालीच असं दिसून आलं की कॅरिओफायलीन शरीरातल्या सीबी-टू या ग्राहीला (पेशीवरच्या रिसेप्टरला) जोडलं जातं आणि उंदरांमध्ये सूज कमी करतं. गांजाची नशा ज्या सीबी-वन ग्राहीमुळे चढते त्याच्याकडे ते फिरकत नाही. शोध महत्त्वाचा आहे, पण उंदराच्या पोटात गेलेला डोस आणि माझ्या खांद्यावर चोळलेलं पातळ तेल यांत खूप अंतर आहे. मालिशसाठी मी ३० मिली तिळाच्या तेलात १२ थेंब घालते, म्हणजे साधारण दोन टक्के. त्वचेला ऊब वाटते, चोळणं सुखाचं होतं, दुखणं बरं होतं असं मी म्हणणार नाही. सिगारेट सोडताना होणारी तगमग मिरीच्या वाफेने कमी झाल्याचा १९९४ सालचा एक छोटा अभ्यासही आहे, तो कोणीतरी मोठ्या प्रमाणावर पुन्हा करायला हवा.

लेबलवर नुसतं ‘पेपर ऑइल’ असेल तर शास्त्रीय नाव विचाराच. पायपर या वंशात हजाराहून जास्त जाती आहेत आणि प्रत्येकीचं तेल निराळं. नागवेलीच्या पानांच्या तेलात युजेनॉलसारखी फिनॉल असतात, ती त्वचेला झोंबतात. ब्राझीलमधल्या पायपर हिस्पिडिनर्व्हमच्या पानांच्या तेलात ऐंशी टक्क्यांच्या वर सॅफ्रोल असतं. ते उंदरांमध्ये कर्करोगकारक ठरलं आहे, पण त्यापासून पायपरोनिल ब्युटॉक्साइड बनतं आणि कीटकांची विष पचवणारी विकरं (एन्झाइम) अडवून ते कीटकनाशकाचा जोर वाढवतं. शेतीसाठी मोलाची गोष्ट, अंगाला लावायची नव्हे. गुलाबी मिरी तर मिरीच्या कुळातलीच नाही.

दुसऱ्या बाटलीबद्दल तक्रार एकच: उघडल्यावर किती दिवसांत संपवावी हे लिहिलेलं नाही. लिमोनीन आणि कॅरीन हवेशी संयोग पावून जे पेरॉक्साइड बनवतात त्यांनी त्वचेला अॅलर्जी होते. जुनं तेल ताज्यापेक्षा जास्त त्रास देतं. मी बाटलीवर उघडल्याची तारीख लिहिली आहे आणि ती फ्रिजमध्ये उभी ठेवते.

बाबांना जेवणाआधी मिनिटभर कागदाची पट्टी नाकाजवळ धरते, ताईंच्या व्यायामांसोबत. ठसका कमी झाला आहे. व्यायामाने की वासाने, ते मला वेगळं करता येत नाही. पट्टी पुढे केली की त्यांचे डोळे उघडतात आणि ते स्वतःहून मान पुढे करतात, एवढं मी रोज बघते. तीन महिन्यांनी हीच बाटली पुन्हा यंत्रावर लावेन आणि हवा लागून तयार होणाऱ्या कॅरिओफायलीन ऑक्साइडचं शिखर किती वाढलं ते इथेच लिहीन.