घरातल्या वस्तूंपासून हस्तकला शिकवणारा पूर्व भागातील एक वर्ग

उन्हाळ्याच्या सुट्टीत सोलापुरात हस्तकलेचे वर्ग पुष्कळ भरतात आणि बहुतेकांची सुरुवात साहित्याच्या खरेदीने होते. चकाकणारा कागद, कृत्रिम फुले, रंगीत खडे आणि टिकल्यांची पाकिटे आणण्यातच पालकांचे निम्मे पैसे खर्च होतात. पूर्व भागात एका घराच्या माडीवर भरणाऱ्या ज्या वर्गाविषयी मी लिहीत आहे, तेथेही नाव नोंदवताना एक यादी मिळते. परंतु जुनी वर्तमानपत्रे, किराणा मालाची रिकामी खोकी, धुऊन वाळवलेले जुने टॉवेल आणि सुती परकर, वाटीभर मैदा, कात्री, फूटपट्टी आणि विणकामाची सुई एवढेच तीत असते. मुलांबरोबर आईवडिलांनाही बसू देतात, म्हणून मुलीसोबत मीही हा वर्ग पूर्ण केला. वस्तू रद्दीतून केली असली तरी ती रोजच्या वापरात टिकली पाहिजे, हा आग्रह येथे ज्या काटेकोरपणे पाळला जातो, त्यासाठी हे परीक्षण लिहावेसे वाटले.

वर्ग घेणाऱ्या बाई विणकर घराण्यातील आहेत आणि लहानथोर सगळेच त्यांना अक्का म्हणतात. पहिल्या दिवशी त्या कोणालाही कात्री हातात घेऊ देत नाहीत. तो दिवस सर्वस्वी खळीचा असतो. हातमागाच्या काळात ताण्याला, म्हणजे मागावरच्या उभ्या धाग्यांना, खळ लावण्याचे, म्हणजे पाजणीचे, काम त्यांनी लहानपणी घरासमोरच पाहिलेले आहे, त्यामुळे खळ किती दाट असावी हे त्यांना भांड्यात डोकावताच कळते. एक वाटी मैद्याला पाच वाट्या पाणी हे त्यांचे प्रमाण. मैदा आधी थोड्याशा गार पाण्यात कालवून त्यातील एकूण एक गुठळी मोडायची, मग उरलेले पाणी घालून भांडे मंद आचेवर ठेवायचे आणि तळाला लागू न देता सारखे ढवळत राहायचे. बराच वेळ काहीच घडत नाही, आणि मग पांढरे गढूळ पाणी एकाएकी जड होते, त्यावर चमक येते आणि पळीवरून त्याची सलग धार पडू लागते. तेवढ्यात गॅस बंद केला नाही तर खळीचा गोळा होतो. मुलांना त्यांनी हा क्षण एकेकाला भांड्याजवळ उभे करून दाखवला, आणि ज्यांची नजर दुसरीकडे गेली होती त्यांच्यासाठी थोडी खळ पुन्हा शिजवली.

बुकबाइंडिंग करणारे कारागीर खळीत मोरचूद घालतात, त्यामुळे तिला बुरशी आणि कीड लागत नाही. परंतु मोरचूद विषारी असते आणि मुले बोटांनीच खळ लावतात, म्हणून येथे ती वर्ज्य आहे. त्याऐवजी खळ थोडीच करावी, झाकून फ्रिजमध्ये ठेवावी आणि एकदोन दिवसांत संपवावी, असे अक्का सांगतात. आपल्याकडच्या मे महिन्यात बाहेर राहिलेली खळ दुसऱ्याच दिवशी आंबते, त्यामुळे हा सल्ला रास्त आहे. विकतच्या गोंदाला त्यांचा विरोध नाही. फेविकॉल 1959 पासून बाजारात आहे आणि पुठ्ठ्याच्या सांध्याला त्याची पकड उत्तम असते, हे त्या मान्य करतात आणि तेथे तेच वापरायला लावतात. मोठ्या पृष्ठभागावर कागद चिकटवताना मात्र खळच सोयीची पडते, कारण ती सावकाश वाळते, तेवढ्या वेळात कागद सरकवून नीट बसवता येतो आणि शेवटी हात साध्या पाण्याने स्वच्छ होतात. कोणता गोंद कोठे आणि का वापरावा, याचे इतके स्पष्ट विवेचन मी अन्य वर्गांत ऐकलेले नाही.

त्यानंतरचे काम खोक्यांचे. टेबलावर ठेवण्याचा खणांचा डबा करताना पन्हळी पुठ्ठ्यातील नळ्या उभ्या येतील अशाच बाजू कापायच्या, कारण त्या आडव्या आल्या तर भार पडताच बाजू दबते. घडी पाडण्यापूर्वी रिकाम्या रिफिलच्या टोकाने फूटपट्टीलगत रेघ दाबून घ्यायची, म्हणजे पुठ्ठा हवा तेथेच मुडपतो. पुठ्ठ्याच्या एकाच बाजूला ओला कागद चिकटवला तर तो वाळताना आवळतो आणि पुठ्ठ्याला बाक येतो, म्हणून आतूनही कागद लावायचा आणि डबा वजनाखाली सावलीत वाळवायचा. आपल्या उन्हात काम तासाभरात वाळेल, या समजुतीने एका मुलाने डबा गच्चीवर नेऊन ठेवला होता. त्याच्या चारही भिंती बाहेर वळल्या, आणि अक्कांनी तो डबा बाजूला न टाकता सर्वांसमोर ठेवून उन्हात नेमके काय झाले ते समजावले.

वर्तमानपत्राच्या नळ्यांची परडी ठीक होती. कागदाच्या पट्ट्या विणकामाच्या सुईवर तिरक्या गुंडाळून नळ्या करायच्या, एका नळीचे बारीक टोक दुसरीत खोचून लांबी वाढवायची आणि एकाच नळीने गोल विणत जायचे असेल तर उभ्या काड्यांची संख्या विषम ठेवायची, एवढे कळले की पुढे सगळा चिकाटीचा भाग आहे. लहान मुले येथे कंटाळतात आणि त्यांना दोष देता येणार नाही.

वर्गातील सर्वांत मोलाचे काम मला जुन्या टॉवेलांच्या पायपुसण्याचे वाटले. सोलापुरी चादर आणि सोलापुरी टॉवेल या दोहोंना 2005-06 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आणि त्याचा आपल्याला सार्थ अभिमान आहे. तथापि विरलेल्या टॉवेलाचे पुढे काय करावे, याचा विचार घराघरांत फारसा होत नाही. येथे टॉवेल आणि परकर यांच्या साधारण तीन बोटे रुंदीच्या पट्ट्या लांबीच्या दिशेने कापतात, कारण आडव्या कापल्या तर टॉवेलावरील धाग्यांचे फासे जास्त सुटतात आणि घरभर लव पसरते. दोन पट्ट्या टॉवेलाच्या आणि एक परकराची घेतली की वेणी पाणीही शोषते आणि आकारही धरते. तिन्ही पट्ट्यांची लांबी मुद्दाम वेगवेगळी ठेवतात, म्हणजे त्यांचे जोड एकाच ठिकाणी येत नाहीत आणि वेणीला गाठी पडत नाहीत. मग ती वेणी गोलाकार गुंडाळत जाड दोऱ्याने शिवत जायचे.

हे शिवणे पाटावर किंवा जमिनीवरच ठेवून झाले पाहिजे, असा अक्कांचा दंडक आहे. मांडीवर घेऊन शिवले की हात नकळत वेणी ओढतो, आतले वेढे सैल आणि बाहेरचे आवळलेले राहतात आणि पायपुसण्याची वाटी होते. प्रत्येक वेढ्यात बाहेरची वेणी किंचित सैल सोडत जायची, कारण बाहेरचा परीघ मोठा असतो. ही एक गोष्ट हाताला बसली की काम सपाट येते. अक्का फिरता फिरता प्रत्येकीचे काम जमिनीवर ठेवून त्यावर तळहात फिरवत, आणि जेथे फुगवटा लागे तेथपर्यंतचे टाके उसवायला सांगत. एका आजींनी नाराजी दाखवली, तरी त्यांनाही सूट मिळाली नाही. आमच्या न्हाणीघरापुढे आता तेच पायपुसणे आहे, ते अनेकदा धुऊन झाले आहे आणि त्याचा एकही टाका सुटलेला नाही. जुनी चादर वेणीसाठी फार जाड पडते, म्हणून तिच्या पिशव्या शिवतात. चादरीवरील नक्षी दोन्ही बाजूंना रंगांची अदलाबदल होऊन दिसते, त्यामुळे अस्तर न लावताही पिशवी आतून देखणी राहते.

शेवटचा मोठा भाग गणपतीच्या मखराचा होता. थर्माकोलच्या सजावटीवर महाराष्ट्रात 2018 मध्ये बंदी आली, त्यानंतरही पुठ्ठ्याचे मखर कसे उभे करावे हे अनेकांना नीट ठाऊक नसते. येथे शिकवलेले मखर खाचांमध्ये अडकवून उभे राहते, उत्सव संपल्यावर सपाट करून पलंगाखाली ठेवता येते आणि पुढच्या वर्षी फक्त वरचा कागद बदलावा लागतो. ते आमच्या घरात दोन माणसांनी सहज उभे केले.

काही गोष्टी खटकल्या, त्याही सांगितल्या पाहिजेत. अखेरच्या दिवशी काचेच्या बाटल्यांवर सुतळी आणि मणी चिकटवून घेतले गेले. त्या बाटल्यांचा घरात कोणताच उपयोग नाही आणि बाकीच्या वर्गाच्या शिस्तीत ते काम बसत नाही. त्यासाठी आणलेल्या गरम गोंदाच्या पिस्तुलाजवळ लहान मुलांना मोकळे सोडणे मला अजिबात पटले नाही. एका मुलीचे बोट पोळले, आणि नळाखाली गार पाणी सोडून ते थंड करण्यापूर्वीच तिच्या बोटाला टूथपेस्ट लावण्यात आली, हे तर चुकीचेच होते. माडीवर जेवढी माणसे मावतात त्यापेक्षा अधिक घेतली जातात, त्यामुळे कात्रीसाठी वाट पाहावी लागते. सहाशे रुपये शुल्क मात्र वाजवी आहे, विशेषतः साहित्यावर वेगळा खर्च होत नाही हे ध्यानात घेतले तर.

आठ वर्षांखालील मुलांना या वर्गात पाठवू नये. त्यांचे हात खळीत रमतील, पण पुठ्ठा कापणे त्यांना झेपणार नाही. त्याहून मोठ्यांना आणि घरातील आजीआजोबांना तो निश्चित आवडेल. माझी अक्कांना एकच विनंती आहे. वर्गाची वेळ दुपारी बाराची आहे आणि मे महिन्यात पत्र्याच्या माडीवर त्या वेळी बसवत नाही. त्यांनी सायंकाळी सहानंतरची एक तुकडी सुरू करावी. परिसरातील गणवेशांच्या कारखान्यांत शिवणकाम करणाऱ्या कितीतरी बायकांना दुपारी येणे शक्यच नसते, आणि पायपुसण्यांना लागणारी सुती कातरणे तर त्यांच्या हाताखालून रोज जात असतात.