दीड फुटाची दगडी भिंत, दोन डेको आणि मधली एक वायर : आठ महिन्यांनंतर

कोल्हापुरात मंगळवार पेठेतलं आमचं घर जुनं आहे. पुढचा सोपा आणि माजघर आजोबांच्या काळातलं, काळ्या दगडाचं, भिंती दीड फुटाच्या. मागचं स्वयंपाकघर आणि वरची खोली नंतर स्लॅब टाकून वाढवलेली. फायबरवाला आला तेव्हा वायर जिथून आत येते तिथंच, सोप्याच्या कोपऱ्यात, राउटर लावून गेला. सोप्यात २०० एमबीपीएस पुरेपूर मिळायचं. वरच्या खोलीत मी दिवसभर ऑफिसचं काम करतो, तिथं मीटिंगमध्ये माझा आवाज तुटायचा आणि शेवटी मोबाईलचा डेटा चालू करावा लागायचा. स्वयंपाकघरात आईला भाचीचा व्हिडिओ कॉल आला की पहिलं वाक्य ठरलेलं, "अगं, दिसंना झालीस बघ. थांब, सोप्यात येते."

फेब्रुवारीत डेको नावाचे वाय-फायचे दोन डबे बसवून हे कायमचं मिटवलं. पण त्याआधी तीन महिने मी रिपीटरवर, म्हणजे राउटरचा सिग्नल ऐकून पुढं पाठवणाऱ्या छोट्या डब्यावर, काढले. त्याबद्दल आधी लिहितो, कारण आमच्या गल्लीतल्या चार घरांत आजही तेच चाललंय.

सॉकेटमध्ये खोचायचा साधा रिपीटर मी वरच्या खोलीत लावला. फोनवर सिग्नलच्या सगळ्या कांड्या भरलेल्या, आणि पान उघडता उघडेना. कांड्या दाखवत होत्या तो फोन आणि रिपीटर यांच्यातला सिग्नल. रिपीटरला खालून जे मिळत होतं तेच मुळात मरतुकडं होतं, तो पुढं काय देणार? शिवाय असला रिपीटर एकाच रेडिओवर आधी ऐकतो आणि मग तेच पुढं पाठवतो, त्यामुळे वेग निम्म्यावर येतो. जिन्याच्या मध्यावर आणून लावला तेव्हा जरा हालचाल झाली, पण मीटिंगपुरतंसुद्धा ते पुरलं नाही.

मग अँड्रॉइड फोनवर सिग्नल मोजायचं एक फुकट ॲप घेतलं आणि वही घेऊन खोली-खोली फिरलो. हे काम प्रत्येकानं खरेदीच्या आधी करावं, अगदी कळकळीनं सांगतो. आकडा उणे असतो. शून्याच्या जितका जवळ तितका सिग्नल चांगला. दर १० नी घसरला की ताकद दहाव्या हिश्शावर येते. व्हिडिओ कॉल नीट चालायला −६७ च्या आसपास तरी हवा. वाय-फायचे दोन पट्टे (बँड) असतात, ५ आणि २.४ गिगाहर्ट्झ. माझ्या वहीत ५ गिगाहर्ट्झचे आकडे असे होते : सोपा −३८, माजघर −६९, वरची खोली −८४. म्हणजे सोप्यातून दगडी भिंतीपलीकडच्या माजघरात पोचेपर्यंत सिग्नल जवळजवळ हजारावा हिस्सा उरत होता. २.४ गिगाहर्ट्झ भिंतीतून जरा जास्त पोचतं, पण पेठेत घराला घर लागून, आणि ॲपमध्ये शेजारपाजारची पंचवीसेक नावं दिसत होती. त्या बँडवर एकमेकांत न मिसळणारे चॅनेल तीनच, १, ६ आणि ११. तेवढ्यात सगळ्यांची गर्दी. त्यात मायक्रोवेव्हही त्याच पट्ट्यात चालतो.

त्याच फेरीत आणखी एक गोष्ट सापडली. माजघराच्या दाराशेजारी आरशाचं लोखंडी कपाट होतं, बरोबर राउटरच्या रेषेत. आम्ही दोघांनी ते समोरच्या भिंतीला नेलं. माजघरातला आकडा −६९ वरून −६३ वर आला. खर्च शून्य.

राजारामपुरीतल्या दुकानातून टीपी-लिंकच्या डेको एम४ ची जोडी आणली, सात हजारांच्या आत. पांढरे डबे, वर काळी टोपी, वीतभर उंच. हे वाय-फाय ५ पिढीचे, एसी१२०० वर्गातले (दोन्ही पट्टे मिळून कागदावर सुमारे १२०० एमबीपीएस) आहेत. दोनशेच्या प्लॅनला भरपूर झाले. पाचशे किंवा त्यापुढचा प्लॅन असेल तर वाय-फाय ६ वालेच बघा. मी हे निवडले ते प्रत्येक डब्याला दोन गिगाबिट पोर्ट, म्हणजे १००० एमबीपीएसपर्यंतची वायर जोडायच्या खोबणी, आहेत म्हणून. डबे आपसात हवेतूनही बोलतात, पण आमच्या भिंतीपुढं ते रिपीटरसारखंच झालं असतं. मधे वायर टाकायचं आधीच ठरवलं होतं.

वायरमन दोन तास होता, त्यातला तासभर एका भोकासाठी. लांब बिट लावून निम्म्यापर्यंत गेल्यावर मशीन खाली ठेवून म्हणाला, "सर, ही भिंत न्हवं, पन्हाळ्याचा बुरूज हाय." शेवटी दाराच्या चौकटीवरच्या लाकडाशेजारी वाट मिळाली. कॅट-६ वायर पंचवीस मीटर लागली. मी शुद्ध तांब्याची मागितली, कारण स्वस्तातली बऱ्याचदा ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली असते. गच्चीवरून बाहेरून नेली असती तर काम सोपं झालं असतं, पण एप्रिल-मेमध्ये वळवाच्या विजा आमच्याकडं कशा कडाडतात ते सगळ्यांना ठाऊक आहे. वायर आतूनच घेतली.

सगळं जोडलं, दोन्हीकडं हिरवे दिवे लागले, आणि वरच्या खोलीत वेग ९४ वर अडकला. पुन्हा मोजला, ९४. तिसऱ्यांदा ९४. हा आकडा लक्षात ठेवा. वेग ९४-९५ च्या पुढं हलतच नसेल तर जोडणी गिगाबिटवर न होता १०० वर झालेली असते. गिगाबिटला वायरीतल्या आठही तारा लागतात, १०० ला चारच पुरतात. वरच्या टोकाचा प्लग उजेडात धरून बघितला, तर तपकिरी तार टोकापर्यंत पोचलेलीच नव्हती, इतरांपेक्षा तांदळाच्या दाण्याएवढी आखूड. नवा प्लग मारला आणि वेग १९६ आला.

सेटिंगमध्ये डेको 'ॲक्सेस पॉइंट' मोडवर ठेवला, म्हणजे तो राउटरचं काम न करता फक्त वाय-फाय पसरवतो, आणि फायबरवाल्याच्या राउटरचं स्वतःचं वाय-फाय बंद केलं. नाहीतर दोन राउटर एकामागे एक येतात. या मोडमध्ये मुलांसाठीचे निर्बंध डेकोच्या ॲपमधून लावता येत नाहीत. ज्यांना ते हवेत त्यांनी राउटर मोडचा विचार करावा.

आठ महिन्यांत वरच्या खोलीत −४८ च्या खाली आकडा गेलेला नाही. मीटिंगमध्ये मोबाईल डेटा चालू केल्याचं एकदाही आठवत नाही. माजघरातल्या टीव्हीला खालच्या डेकोच्या दुसऱ्या पोर्टमधून छोट्या नेटवर्क स्विचवरून (एका वायरीच्या अनेक वाटा करणारा डबा) वायर दिली. टीव्ही काही जागचा हलत नाही, मग त्याला हवेतून कशाला द्यायचं? शाहू स्टेडियमवरची फुटबॉलची मॅच आबा त्यावर लाइव्ह बघतात, आणि ऐन पेनल्टीच्या वेळी चित्र गोल फिरत बसायचं ते बंद झालं. घरात या खर्चाला पहिली मान्यता आबांनीच दिली.

पावसाळा ही खरी परीक्षा होती. जुलैत वीज दिवसातून चार-पाचदा जायची. खाली फायबरचा डबा आणि डेको या दोघांना एक १२ व्होल्टचा मिनी यूपीएस लावलाय, वरची खोली इन्व्हर्टरवर आहे. यूपीएस घेताना दोन्ही अडॅप्टरवरचे आकडे वाचा : व्होल्ट यूपीएसइतकेच हवेत, आणि अँपिअरची बेरीज करून घ्या. फायबरच तुटली तर अर्थात इलाज नाही. ऑगस्टमध्ये दीड दिवस तसं झालं.

एक गोष्ट अजून खटकते. जिन्यावरून वर आलं तरी आईचा जुना फोन खालच्याच डब्याला चिकटून राहतो. कुठल्या डब्याला जोडायचं हे शेवटी फोन ठरवतो, डबा फक्त सुचवतो. वाय-फाय बंद करून चालू केलं की फोन ताळ्यावर येतो. माझ्या फोनला हा त्रास नाही, बोलत बोलत वर आलो तरी कॉल तुटत नाही.

परसात न्हाणीघराशेजारी −७८ येतंय. आई संध्याकाळी तिथंच निवडत बसते आणि भाचीचा फोन नेमका तेव्हाच येतो. वायरमनला दिवाळीनंतरची वेळ दिलीय. मागची भिंत विटांची आहे, त्यामुळे तोही खूश आहे.