गोव्यात सहकुटुंब मुक्काम: भाड्याचे घर की हॉटेल?

आजी-आजोबा, नवरा-बायको आणि दोन मुले असे सहा जण चार-पाच दिवसांसाठी गोव्याला निघाले की पहिला प्रश्न मुक्कामाचा येतो. हॉटेलच्या तीन खोल्या घ्याव्यात, की तीन शयनगृहांचा बंगला तेवढ्या रात्रींपुरता भाड्याने घ्यावा? दोन्ही प्रकारे राहून पाहिल्यावर माझे मत असे झाले आहे की हा निर्णय केवळ पैशांवरून करू नये, कारण घर स्वस्त पडते हा समज हिशेब मांडला की बऱ्याचदा टिकत नाही.

उदाहरणादाखल आकडे घेऊ. बंगल्याचे भाडे रात्रीला १०,५०० रुपये आणि साफसफाईचे एकदाच आकारले जाणारे ३,००० रुपये धरले, तर दोन रात्रींच्या मुक्कामात एक रात्र १२,००० रुपयांना पडते आणि पाच रात्री राहिल्यास ११,१०० रुपयांना. हॉटेलच्या ४,००० रुपयांच्या तीन खोल्याही १२,००० रुपयांनाच होतात. आता कर पाहा. २२ सप्टेंबर २०२५ पासून दिवसाला ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर ५ टक्के जीएसटी आहे आणि त्यावरील दराला १८ टक्के. हॉटेलची प्रत्येक खोली स्वतंत्र मोजली जात असल्यामुळे तेथे ५ टक्केच लागतात. अख्खा बंगला मात्र एकच जागा म्हणून दिला असेल तर त्याला १८ टक्के लागू शकतात. ज्या संकेतस्थळावरून बुकिंग करतो त्याचे सेवाशुल्क आणखी वेगळे, आणि हॉटेलच्या दरात सकाळचा नाश्ता धरलेला असेल तर सहा जणांचा तोही खर्च वाचतो. म्हणून पहिल्या पानावरचा दर न पाहता पैसे भरण्याच्या आधीची शेवटची रक्कम पाहावी.

मग घर घ्यायचे कशासाठी? एकत्र राहण्यासाठी. हॉटेलात रात्री नऊनंतर कुटुंब तीन बंद दारांआड जाते. घरात सगळे दिवाणखान्यात किंवा जुन्या गोवन घराच्या बाल्कांवात, म्हणजे दारापुढच्या बैठक असलेल्या ओसरीत, गप्पा मारत बसतात आणि मुले तेथेच झोपी जातात. सकाळी सायकलच्या भोंग्याचा आवाज करत पोदेर, म्हणजे पाववाला, येतो, त्याच्याकडचे गरम पाव घेऊन चहा होतो. लहान मुलाचे पोट बिघडले तर अवेळी मऊ भात करता येतो, आणि पथ्यावर असलेल्या आजोबांना बिनतिखटाचे जेवण मिळते. म्हापशाच्या बाजारातून आणलेले बांगडे घरी तळून खाण्याचे सुखही आहे. पावसाळ्यात जाणाऱ्यांनी मात्र १ जून ते ३१ जुलै या काळातील मासेमारीबंदी लक्षात ठेवावी.

परंतु याच स्वयंपाकघराबद्दल एक गोष्ट मला मनापासून सांगावीशी वाटते. ओटा दिसला की जी बाई वर्षभर घरी रांधते तीच सुट्टीतही ओट्यापाशी उभी राहते आणि तिची सहल होतच नाही. घर घ्यायचे असेल तर नाश्ता कोण करणार, भांडी कोण घासणार हे निघण्यापूर्वी ठरवावे, किंवा केअरटेकरमार्फत स्वयंपाकाला गावातील कोणी मिळेल का आणि किती पैसे घेईल हे आधीच विचारावे. यावर घरात एकमत होत नसेल, तर हॉटेल घेणे अधिक न्याय्य आहे.

हॉटेलचे खरे बळ अडचणीच्या वेळी कळते. मे महिन्यात उत्तर गोव्याच्या बार्देश तालुक्यातील एका बंगल्यात आम्ही उतरलो असताना दुसऱ्या दिवशी सकाळी टाकीतील पाणी संपले. केअरटेकर दुसऱ्या गावात राहणारा, त्यामुळे टँकर येईपर्यंत दुपार झाली आणि तोवर सहा माणसांनी दोन बादल्यांत भागवले. हॉटेलातही पाणी जाते, परंतु तेथे रात्री दोन वाजताही कोणीतरी जागे असते. ज्यांच्यासोबत आजारी किंवा फार वृद्ध माणूस आहे त्यांनी ही बाब सर्वांत वर ठेवावी. जुन्या घरांचे उंच उंबरे आणि पायऱ्याही गुडघे दुखणाऱ्यांना जड जातात.

जागेचाही विचार हवा. आसगाव, शिवोली, साळगाव येथील पुष्कळ बंगले समुद्रापासून काही किलोमीटर आत आहेत, आणि मुंबई-पुण्याप्रमाणे मोबाइलवरून पाच मिनिटांत टॅक्सी येईल असे धरून चालता येत नाही. म्हणजे भाड्याच्या गाडीचा खर्च घराच्या बाजूला मांडायला हवा, आणि तीही काळ्या पाटीवर पिवळी अक्षरे असलेली, अधिकृत परवान्याची गाडी असावी. समुद्राकाठच्या हॉटेलात हा खर्च पुष्कळ कमी होतो.

दोन रात्रींसाठी मी हॉटेलच घेईन. चार किंवा अधिक रात्री असतील, माणसे सहा किंवा जास्त असतील आणि कामे वाटून घेण्याची सर्वांची तयारी असेल, तर घर घेईन. मात्र आगाऊ पैसे देण्यापूर्वी मालकाला चार प्रश्न विचारीन. पर्यटन खात्याकडील नोंदणी क्रमांक कोणता, इन्व्हर्टरवर काय काय चालते, उन्हाळ्यात पाण्याची सोय काय आणि केअरटेकर रात्री कोठे असतो? गोव्यात पाहुण्यांना भाड्याने दिल्या जाणाऱ्या घरांना १९८२ च्या पर्यटन व्यवसाय नोंदणी कायद्यानुसार नोंदणी आवश्यक आहे, त्यामुळे पहिल्या प्रश्नाचे उत्तर टाळणाऱ्याला पैसे पाठवू नयेत. दुसऱ्याच्या बंगल्याची छायाचित्रे दाखवून यूपीआयवर आगाऊ रक्कम उकळणारे अशाच ठिकाणी गाठतात.