खाली गाळे, वर फ्लॅट: तीन वर्षं राहून लिहिलेला रिव्ह्यू

बिल्डरचं आणि प्रोजेक्टचं नाव लिहीत नाहीये, कारण भांडण उकरायचं नाहीये, पुढे घर घेणाऱ्यांना उपयोग व्हावा एवढंच. तसंही अशा बिल्डिंगा आता पुण्यात धायरीपासून पुनावळेपर्यंत सगळीकडे एकाच छापाच्या होतायत. रस्त्याला लागून ओळीने बावीस गाळे, त्यांच्यावर दवाखाने-क्लासेस, मग पार्किंगचे दोन मजले आणि वर आम्ही. बी विंग, राहत्या घरांचा पहिलाच मजला, टू बीएचके.

आधी चांगलं सांगते कारण ते खरंच चांगलंय. माझ्या सासूबाई ७४ वर्षांच्या, गुडघे गेलेले. त्यांचं सगळं आयुष्य सदाशिव पेठेत वाड्यात गेलं, खाली दुकान आणि वर बिऱ्हाडं, त्यामुळे दुकानाच्या डोक्यावर राहायचं म्हणून आमच्या घरात कोणी नाक मुरडलं नाही. इथे नऊ नंबरच्या गाळ्यात पिठाची गिरणी आहे. त्या ज्वारीचा डबा घेऊन लिफ्टने खाली जातात, गिरणीवाला त्यांना खुर्ची देतो, दळण होईपर्यंत बसतात, चार बायकांशी बोलतात आणि गरम पिठाचा डबा पोटाशी धरून वर येतात. रस्ता ओलांडायला लागत नाही, कुणाला विचारायला लागत नाही. आधीच्या सोसायटीत त्या सहा सहा महिने गेटबाहेर पडायच्या नाहीत. या एका गोष्टीसाठी मी पूर्ण मार्क देते. दुसरं म्हणजे मुलगी क्लासवरून साडेनऊला येते तेव्हा खालची सगळी दुकानं उघडी असतात, लाईट असतो, मेडिकलवाले काका तिला ओळखतात. मोठी कंपाऊंड वॉल आणि पुढे अंधार असलेल्या सोसायट्यांमध्ये हे मिळत नाही.

आता त्रासाचं. चौदा आणि पंधरा नंबरचे गाळे एकत्र करून हॉटेल आलं. बुकिंगच्या वेळी चित्रात तिथे कॅफे दाखवला होता, दोन मुली कॉफी पितायत वगैरे. प्रत्यक्षात चायनीज आणि बिर्याणी. त्याबद्दल तक्रार नाही, माणसं जे खातात तेच विकणार. पण त्या भट्टीचा धूर जायला जागाच ठेवलेली नव्हती, म्हणून त्याने पत्र्याचा पाईप आमच्या डक्टमध्ये सोडला, ज्या डक्टमध्ये सगळ्यांच्या बाथरूमच्या खिडक्या उघडतात. सकाळी ११ ला मिरची-लसणाचा ठसका सुरू. बाथरूमच्या खिडकीच्या काचपट्ट्यांवरून बोट फिरवलं की तपकिरी चिकट थर बोटाला यायचा, त्यात धूळ बसलेली, सोड्याने घासून काढला की चार दिवसांत परत तेवढाच. वाळत घातलेल्या टॉवेलला तेलाचा वास. सासूबाईंना खोकला लागला तो पावसाळाभर गेला नाही.

भांडायला म्हणून खाली गेले आणि हॉटेलवाल्याशी बोलल्यावर कळलं की तोही अडकलाय. कर्ज काढून गाळे घेतलेले, त्यालाही कोणी सांगितलं नव्हतं की इथून गच्चीपर्यंत चिमणी न्यायची सोय नाहीये. मंजूर नकाशात ते नुसते दुकानाचे गाळे, स्वयंपाकाच्या धुरासाठी वेगळी शाफ्ट, म्हणजे खालून गच्चीपर्यंत जाणारी उभी पोकळी, कुठेच नाही. आणि स्लॅब पडल्यावर मधून शाफ्ट काढता येत नाही हो, ते कागदावर असतानाच ठरवायला लागतं. मला या सगळ्यातून एकच गोष्ट समजली की खाली दुकानं असणं हा दोष नाहीच, धूर, गाड्या आणि कचरा या तीन गोष्टींच्या वाटा आमच्या वाटेपासून वेगळ्या काढल्यात की नाही एवढाच प्रश्न असतो, आणि त्याचं उत्तर ब्रोशरमध्ये नाही तर नकाशात असतं.

तो नकाशा मी पझेशननंतर दोन महिन्यांनी पाहिला याचं मला फार वाईट वाटतं. महारेरा म्हणजे बिल्डरांच्या प्रोजेक्टवर लक्ष ठेवणारं राज्याचं प्राधिकरण, त्यांच्या साईटवर प्रोजेक्टचा नंबर टाकला की बिल्डरने अपलोड केलेले कागद दिसतात, आणि मंजूर नकाशे बघायला मिळणं हा रेरा कायद्याने घर घेणाऱ्याचा हक्कच आहे. तो उघडल्यावर सगळं समोर होतं. गाळ्यांचं पार्किंग बिल्डिंगच्या मागे आणि तिथे जायचा रस्ता आमच्याच गेटमधून, आमच्याच रॅम्पच्या तोंडावरून. आता कोणता ग्राहक गाडी मागे लावून दुकानाला वळसा घालून पुढे येणार? सगळे पुढेच लावतात. शनिवारी संध्याकाळी आठ वाजता आमची स्वतःची गाडी आत घ्यायला पंधरा मिनिटं जातात, वॉचमन बिचारा शिट्टी वाजवून थकतो. वर काही गाळेवाल्यांना पुढची मोकळी जागा तुमचीच म्हणून तोंडी सांगून ठेवलेलं. रेरा कायद्यात उघडं पार्किंग सामाईक जागेतच धरलंय, ते असं वाटून देता येत नाही, पण हे मीटिंगमध्ये समजावून सांगायला आम्हाला वर्ष लागलं. गाळेवालेही सोसायटीचे सभासद आहेत आणि बावीस मतं एकगठ्ठा पडतात, त्यामुळे त्यांना सोबत घेतल्याशिवाय काहीच हलत नाही.

आवाजाचंही तसंच. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत राहत्या भागाला दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल, व्यापारी भागाला ६५ आणि ५५. मग आमच्यासारख्या मिश्र ठिकाणी काय धरायचं तर प्रशासन त्या भागाला ज्या वर्गात घालेल ते. पहाटे साडेचारला दुधाचे क्रेट टेम्पोतून फरशीवर आपटतात तेव्हा माझ्या झोपेला हा वर्ग माहीत नसतो. शेवटी टेम्पोवाल्याशीच बोललो, त्याने खाली रबराची शीट टाकली, निम्मा आवाज गेला.

चिमणीचं चौदा महिन्यांनी सुटलं. मागच्या भिंतीला बाहेरून धरून गच्चीच्या वर नेली, खर्च हॉटेलवाल्याने निम्मा आणि सोसायटीने निम्मा केला. बिल्डरकडून एक रुपया आला नाही. बांधकामातल्या दोषांसाठी पझेशनपासून पाच वर्षं बिल्डरची जबाबदारी असते, पण त्यांचं म्हणणं नकाशाप्रमाणेच बांधलंय, त्यात दोष कुठला. आणि ते खोटं नव्हतं, नकाशाच तसा होता. हॉटेलच्या तेलाने ड्रेनेजचं चेंबर तुंबायचं, तिथे आता ग्रीस ट्रॅप, म्हणजे तेल अडवणारी टाकी, बसवलाय आणि तो दर सोमवारी साफ होतो की नाही हे मी स्वतः जाऊन बघते.

माझी नणंद हडपसरला मगरपट्ट्यात राहते. तिथे शंभराहून जास्त शेतकरी कुटुंबांनी ४०० एकरांवर जमीन एकत्र आणून घरं, ऑफिसं, शाळा, दुकानं, बाग सगळं एकदम आखलं, त्यामुळे कशाला कुठे जागा द्यायची हे ठरवायला वाव होता. दीड-दोन एकराच्या प्लॉटवर तेवढा वाव नसतो हे मान्य, पण म्हणूनच तिथे एकेक दार, एकेक डक्ट जास्त विचार करून काढायला हवं, आणि मंजुरी देणाऱ्यांनी नुसती पार्किंगची संख्या न मोजता गाडी तिथपर्यंत जाणार कुठून हेही बघायला हवं. एकदा मंजूर झालेला नकाशा बदलायचा तर दोन तृतीयांश घेणाऱ्यांची लेखी संमती लागते, म्हणजे नंतर चूक सुधारणंही सोपं नाही.

माझ्याकडून पाचपैकी तीन. गिरणी, मेडिकल आणि रात्रीचा उजेड यांचे तीन, पार्किंग आणि त्या चौदा महिन्यांचे दोन कापले.

आमच्या वरचा फ्लॅट विकायला आहे. बघायला आलेल्या बाई रविवारी दुपारी आल्या होत्या, सगळं शांत. मी त्यांना म्हटलं, शनिवारी रात्री आठला या, स्वतःची गाडी घेऊन या आणि येताना आईंनाही आणा. त्या आल्या, वीस मिनिटं गेटवर अडकल्या, वर येऊन पाणी प्यायल्या आणि त्यांच्या आईंनी पहिलं विचारलं ते गिरणी किती वाजेपर्यंत चालू असते.